ऑफिसचा फाइल सर्व्हर: खर्च डब्यावर नको, डिस्क आणि विजेवर करा

पाच-सहा कॉम्प्युटर असलेल्या करसल्लागाराच्या किंवा आर्किटेक्टच्या ऑफिसात फायली नेमक्या कुठे असतात, हे एका दमात कोणालाच सांगता येत नाही. काही साहेबांच्या लॅपटॉपवर, काही ‘मेन’ मशीनच्या डी ड्राइव्हमध्ये, काही कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवर. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ यांपैकी क्लायंटला गेलेला ताळेबंद कोणता, हे फक्त रजेवर गेलेल्या मॅडमना माहीत असतं.

अशा ऑफिसाला फाइल सर्व्हर हवा, आणि त्यासाठी लाखभर रुपये मोजावे लागत नाहीत. जुना पण धडधाकट टॉवर, दोन नव्या हार्ड डिस्क, बऱ्यापैकी यूपीएस आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. बहुतेक जण मात्र बजेट उलटं मांडतात. प्रोसेसर कोणता आणि रॅम किती यावर तासभर खल होतो, यूपीएसचा विषय ‘इन्व्हर्टर आहे ना’ म्हणून मिटतो आणि बॅकअपचं ‘पुढच्या महिन्यात बघू’ होतं. पाच-सहा जणांना फायली पुरवणं हे दहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरलाही जड जात नाही. सर्व्हर बिघडतो तो विजेच्या लहरीपणामुळे, धुळीमुळे आणि थकलेल्या डिस्कमुळे. म्हणून एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा डिस्क आणि यूपीएसला द्या, उरेल त्यात मशीन बसवा.

मशीन

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे मोठ्या कंपन्यांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे चांगले टॉवर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास विचारले तर मिळतात. आय-५, ८ जीबी रॅम, एवढं पुरे. १६ जीबी असेल तर उत्तम. तळहाताएवढी ‘मायक्रो’ किंवा ‘टायनी’ मॉडेल दिसायला गोंडस असली तरी त्यांत साडेतीन इंची डिस्क मावत नाही. दुकानातच झाकण उघडायला लावा आणि दोन मोठ्या डिस्कची जागा व दोन साटा पॉवरच्या पिना आहेत का, ते डोळ्यांनी बघा. पिना कमी पडल्या की दुकानदार मोलेक्समधून साटा काढणारी पन्नास रुपयांची जोडवायर पुढे करतो. ओतीव प्लास्टिकच्या टोकाच्या त्या वायरी आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. ती नकोच; दुसरं मशीन बघा.

मशीन घरी आलं की आधी ब्लोअरने धूळ काढा आणि मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदला. सेल अगदी किरकोळ किमतीचा, पण तो संपला असेल तर वीज गेल्यावर मशीन वेळ-तारीख आणि बायोसमधली सगळी मांडणी विसरतं आणि वीज आल्यावर ‘एफ-१ दाबा’ असं सांगत काळ्या पडद्यावर थांबून राहतं. सर्व्हरला ना मॉनिटर, ना कीबोर्ड; एफ-१ दाबणार कोण? सेल बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन वीज परत आल्यावर काय करायचं त्या पर्यायाला ‘पॉवर ऑन’ करा. डेलमध्ये त्याला ‘एसी रिकव्हरी’ म्हणतात, एचपीत ‘आफ्टर पॉवर लॉस’. कीबोर्ड नसल्याची तक्रार करणारा पर्यायही तिथेच बंद होतो.

असं मशीन दोन डिस्कसह साधारण ३५ वॅट खातं असं धरलं तर चोवीस तास चालून महिन्याला २५ युनिट होतात. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. एसीच्या खर्चापुढे ही रक्कम चिल्लर आहे.

डिस्क

डिस्क सेकंडहँड घेऊ नका. इथे घासाघीस करायची नाही. जर्मनीत २०२५ च्या सुरुवातीला हजारो तास चाललेल्या डिस्क चालू तासांचा आकडा शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं. तेव्हा नवी डिस्कही अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट आणि अनुक्रमांकावरून वॉरंटी तपासूनच घ्यायची. वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवुल्फ या चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या मालिका आहेत, आणि दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी असते. ‘प्लस’ हा शब्द विसरू नका. २०२० मध्ये उघड झालं की साध्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. या पद्धतीत माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिल्या जातात. फाइल वाचताना काही जाणवत नाही, पण एक डिस्क गेल्यावर नवीवर सगळा डेटा परत भरायची वेळ आली की ती कमालीची रेंगाळते. पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी पद्धत म्हणजे सीएमआर. दुकानदाराला ‘सीएमआर आहे का’ असं स्पष्ट विचारा आणि कंपनीच्या तक्त्यात मॉडेल क्रमांक पडताळा.

किती टीबी? करसल्लागाराचं सगळं काम ताळेबंद, स्कॅन केलेल्या पावत्या आणि विवरणपत्रं यांत मावतं. त्याला २ टीबी बरीच वर्षं पुरतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात आणि कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षं, तेव्हा जुनं पुसून जागा करायचा विचार सोडा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं गणित वेगळं. त्याने ८ टीबीपासून सुरुवात करावी.

दोन्ही डिस्क सारख्या आकाराच्या घ्यायच्या आणि ‘मिरर’ करायच्या, म्हणजे प्रत्येक फाइल दोन्हीकडे लिहिली जाते. एक गेली तरी काम थांबत नाही. जमलं तर दोन डिस्क दोन दुकानांतून घ्या. एकाच खोक्यातल्या दोघींत एकच दोष असण्याची शक्यता असते. तीन-चार स्वस्त डिस्क जोडून जास्त जागा मिळवायची युक्ती कोणी सुचवेल. छोट्या ऑफिसाने त्या वाटेला जाऊ नये. दोन डिस्कच्या मिररमध्ये काय बिघडलं आणि काय बदलायचं, हे कोणालाही कळतं.

सिस्टीमसाठी १२८ जीबीची छोटी एसएसडी वेगळी लावा. पेन ड्राइव्हवर सिस्टीम बसवण्याचा सल्ला जुना झाला. सततच्या लिहिण्याने पेन ड्राइव्ह झिजतो.

वीज

आपल्याकडे सर्व्हरचा खरा शत्रू वीज आहे. ती जाते म्हणून तर आहेच, पण ती कशी येते त्यामुळे जास्त.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचा किंवा पुढचा छोटा स्विच बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘इको’ अशा दोन अवस्था असतात. इकोमध्ये बदल व्हायला लागणाऱ्या वेळात पंख्याला काही वाटत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. स्विच ‘यूपीएस’वर ठेवला तरी सर्व्हरला स्वतःचा यूपीएस हवाच, कारण आपली बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर सर्व्हरला सांगू शकत नाही. आणि इन्व्हर्टर जुना चौकोनी लहरीचा असेल, तर त्याची वीज पुढचा यूपीएस नाकारतो आणि स्वतःच्या बॅटरीवर जाऊन बसतो. मग दोन्ही असून उपयोग शून्य. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच ही साखळी जोडा.

यूपीएस घेताना ६०० की १००० व्हीए यापेक्षा त्याला यूएसबीची डेटा पिन आहे का, हे आधी विचारा. स्वस्त मॉडेलमध्ये ती नसते, आणि असलेली पिन कधीकधी फक्त मोबाइल चार्जिंगची निघते. डेटा पिनेतून यूपीएस सर्व्हरला ‘वीज गेली’, ‘बॅटरी संपत आली’ असं कळवतो आणि सर्व्हर फायली नीट मिटून स्वतःहून बंद होतो. सर्व्हर, राउटर आणि नेटवर्कचा स्विच एवढंच त्यावर ठेवा. लेझर प्रिंटर चुकूनही नको. साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. बॅटरीवर मार्करने तारीख लिहून ठेवा.

इथे एक बारीक खोच आहे. समजा, वीज गेली, पाच मिनिटांनी सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला, आणि सहाव्या मिनिटाला वीज आली. यूपीएस मधल्या काळात चालूच होता, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी वीज गेलीच नव्हती आणि ‘वीज परत आली की सुरू हो’ हा बायोसचा हुकूम लागू होत नाही. सकाळी ऑफिसात सगळे ‘सर्व्हर दिसत नाही’ म्हणून ओरडतात. यावर उपाय सॉफ्टवेअरच्या यूपीएस विभागात असतो: सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसनेही आपली वीज तोडावी, असा पर्याय निवडायचा. तो निवडल्यावर मेन स्विच पाडून पूर्ण तालीम करा. आपोआप बंद झाला का, आपोआप उठला का, ते समोर उभं राहून बघा.

अर्थिंगही तपासून घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजला आणि तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त निघाला, तर आधी इलेक्ट्रिशियन, मग सर्व्हर. विदर्भात मे महिन्यात बंद ऑफिसाचं तापमान काय होतं, ते सांगायला नको. डिस्कचं तापमान ५० अंशांवर जात असेल तर मशीन कपाटातून बाहेर काढा. कोकणात आणि गोव्यात उलट काळजी दमटपणाची, तिथे मशीन चालू राहिलेलंच बरं.

केबल

स्विच गिगाबिटचा घ्या, केबल कॅट-६ आणि शुद्ध तांब्याची. गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, जुन्या १०० मेगाबिटवर ११. म्हणजे १०० जीबीची लग्नाची फोल्डर एकीकडे पाव तासात जाते, दुसरीकडे अडीच तासांत. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक तार सुटली तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि ‘सर्व्हरच स्लो आहे’ असा बोभाटा होतो. विंडोजमध्ये नेटवर्कच्या स्टेटसची खिडकी उघडून स्पीड बघा. तिथे १०० दिसलं तर आधी केबलची टोकं पुन्हा क्रिंप करा.

सॉफ्टवेअर

८ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर ट्रूनॅस. पूर्वी याला फ्रीनॅस म्हणत. रॅम कमी असेल तर डेबियनवर आधारलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट. दोन्ही फुकट, दोन्ही ब्राउझरमधून चालवता येतात, आणि दोन्हींच्या पोटात विंडोजशी बोलणारा सांबाच असतो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम आज जगातल्या असंख्य नॅस पेट्यांत, म्हणजे तयार फाइल सर्व्हरमध्ये, चालतो.

माझी पसंती ट्रूनॅसला, ती झेडएफएसमुळे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या इंजिनिअरांनी बनवलेली ही फाइल सिस्टीम प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या ठेवते. एका डिस्कवरची फाइल गुपचूप बिघडली तर वाचताना ते तिच्या लक्षात येतं आणि दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत देऊन बिघडलेली दुरुस्तही होते. शिवाय स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या फायलींची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था. दर तासाला एक आणि दोन आठवडे ठेवायचा, असं काम लावून द्या. मग कोणी चुकून फोल्डर उडवली की विंडोजमध्ये उजवी क्लिक, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’, आणि दुपारी तीनची प्रत परत. बदललेल्या भागापुरतीच जागा लागते. एखाद्या कॉम्प्युटरमध्ये रॅन्समवेअर शिरला आणि त्याने शेअरमधल्या फायली कुलूपबंद केल्या, तरी स्नॅपशॉटला त्याचा हात पोचत नाही. अट एकच: सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड त्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जतन केलेला नसावा.

प्रत्येक माणसाला वेगळं नाव आणि पासवर्ड द्या. ‘ऑफिस’ नावाचा एक युजर आणि १२३४ हा पासवर्ड सगळ्यांत, हा प्रकार बंद. चालू कामाची फोल्डर सगळ्यांना खुली, पगाराची फक्त दोघांना, आणि जुन्या आर्थिक वर्षांची फक्त वाचण्यापुरती.

नेटवर्कवर फायली शेअर करायची एसएमबी-१ ही जुनी पद्धत बंदच ठेवा. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर तिच्यातल्याच फटीतून पसरला. ती बंद असली की ऑफिसातलं जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन ‘फोल्डरला पाठवता येत नाही’ म्हणून रुसतं. त्याच्यासाठी एसएमबी-१ चालू करायचा मोह होईल. त्याऐवजी स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. टॅलीचा चालू डेटा आहे तिथेच राहू द्या आणि त्याचा बॅकअप रोज रात्री सर्व्हरवर येईल अशी व्यवस्था करा. अनेकांनी एकाच वेळी उघडलेली हिशेबाची फाइल नव्या सर्व्हरवर हलवण्याआधी तुमच्या टॅलीवाल्याशी बोला.

मराठीत फायलींची नावं लिहिणाऱ्यांना एक अडचण हमखास येते, आणि हार्डवेअरवाल्यालाही तिचं कारण सहसा सांगता येत नाही. विंडोजवर नाव २५५ वर्णांचं चालतं. सर्व्हरवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. म्हणजे फक्त ८५ वर्ण, त्यातही काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक तमुकच्या मोजणीबाबत मा. तहसीलदार यांना दिलेल्या अर्जाची पोहोच’ अशी नावं ठेवणाऱ्या ऑफिसात कॉपी करताना मधल्याच दोन-चार फायली अडकतात. नाव आखूड करा, फाइल जाते. वर्ष आधी, मग क्लायंट, मग विषय, अशी पद्धत ठरवून टाकली की हा प्रश्न उरत नाही.

बाहेरून फायली बघायच्या असतील तर राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅस पेट्या शोधून शोधून कुलूपबंद केल्या. टेलस्केलसारखं खासगी जाळं वापरा. ते सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर बसवलं की झालं.

बॅकअप

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते, आणि चोर कॅबिनेट उचलतो तेव्हा दोन्ही डिस्क एकदमच जातात. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला तळमजल्यावरची दुकानं आणि ऑफिसं पाण्याखाली गेली. अशा वेळी त्याच खोलीतला बॅकअप सर्व्हरबरोबरच बुडतो. नदीकाठच्या गावात सर्व्हर छातीच्या उंचीवर ठेवा, आणि एक प्रत गावातल्याच उंच भागात किंवा दुसऱ्या गावात असू द्या.

स्वस्तातला मार्ग असा: दोन यूएसबी हार्ड डिस्क. दर शनिवारी एक विंडोज मशीनला लावून फ्रीफाइलसिंकने सर्व्हरवरच्या फायली उतरवायच्या, दुसरी साहेबांच्या घरी. पुढच्या शनिवारी अदलाबदल. फ्रीफाइलसिंकमधला ‘मिरर’ नावाचा पर्याय सर्व्हरवरून पुसलेलं बॅकअपमधूनही पुसतो, म्हणून ‘अपडेट’ निवडा. डिस्कवर क्लायंटचे पॅन आणि आधार आहेत, तेव्हा तिला बिटलॉकरचं कुलूप लावा आणि किल्लीचा कागद लॉकरमध्ये ठेवा. इंटरनेट चांगलं असेल तर ट्रूनॅसमधूनच एन्क्रिप्ट करून क्लाउडवरही रोज पाठवता येतं.

तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाइल उचलून दुसऱ्याच मशीनवर उघडून बघा. त्याच दिवशी डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कनेच ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, वाचा. त्यात क्रमांक ५, १९७ आणि १९८ या ओळींचे कच्चे आकडे शून्य असायला हवेत. वाढत असतील तर डिस्क चालू आहे म्हणून थांबू नका, वॉरंटीत द्या. क्रमांक १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटा केबल बदला. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हे बघत असाल तर कच्चे आकडे मुळात षोडशमान (हेक्स) पद्धतीत दिसतात. पर्यायांत जाऊन दशमान करून घ्या, नाहीतर उगाच घाबराल. सर्व्हरकडून बिघाडाचा ईमेल यायची सोयही करा, आणि मिरर झाल्यावर, डेटा भरण्याआधी, मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढा. पुन्हा चालू केल्यावर तो ईमेल खरंच येतो का, ते बघा.

कोणी बांधू नये

ज्या ऑफिसात महिन्यातून अर्धा तासही या मशीनकडे बघणारं कोणी नाही, त्याने हा उद्योग करू नये. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपची दोन डिस्कची तयार पेटी घ्यावी. ती महाग पडते, पण अपडेट आणि स्नॅपशॉट सांभाळणं सोपं जातं. काही मॉडेलमध्ये स्नॅपशॉट मिळत नाहीत, तेवढं विचारून घ्या. डिस्क, यूपीएस आणि शनिवारची अदलाबदल तिलाही चुकत नाही. बाकीच्यांनी खुशाल बांधावा. करसल्लागारांनी हे काम मार्च किंवा सप्टेंबरमध्ये काढू नये, मे महिना बरा. आणि फायली सर्व्हरवर आल्या तरी जुन्या मशीनवरच्या मूळ प्रती निदान सहा महिने पुसू नका.